चुकलेल्या नवमीचं बिरडं

यंदा उन्हाळ्यात मी बहारीनला गेले ती नातीला घेऊन यायला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही भरकटले तरी तुम्हाला धागा सापडेल. माझा मुलगा डॅनी तिकडं अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, सून हॉस्पिटलात नर्स, तीही शिफ्टमध्ये. आणि चार वर्षांची एस्तेर, आमची एस्तू, कधी या शेजारणीकडे तर कधी त्या. डॅनी फोनवर म्हणाला, "मम्मी, तिला ठाण्याला ने. तिथं शाळा आहे, मशीद आहे, आपली माणसं आहेत. इथं राहून ती काय शिकणार?"

मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, आणि आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी प्रार्थनेच्या जागेला मशीदच. मी तिथल्या तिथं हो म्हणाले. नवरा गेल्यापासून ठाण्याच्या घरात मी आणि टीव्ही दोघंच बोलतो, त्यातही टीव्ही जास्त. मी खिडकीशी झोपाळा टांगून घेतला, तिच्या उंचीची खुर्ची आणली, फोनवर तिला दोन्ही दाखवलं, आणि विमानात बसले.

डॅनीचं घर अरादला. गेल्या गेल्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथची, म्हणजे शुक्रवार मावळताना सुरू होणाऱ्या आमच्या पवित्र शनिवारची, तयारी बघितली आणि मी कपाळावर हात मारला. दिव्याच्या जागी बॅटरीची पणती! खालून बटण दाबलं की पिवळी लुकलुकते. डॅनी म्हणाला, "बिल्डिंगमध्ये स्मोक अलार्म आहे, मम्मी. मागं खरा दिवा लावला तर खालून वॉचमन धावत आला." एस्तूनं बटण दाबलं, दोन्ही हात डोळ्यांवर घेतले आणि काहीतरी पुटपुटली. मी मनात म्हटलं, आई असती तर चक्कर येऊन पडली असती. पोरीला इथून हलवायलाच हवं.

मग एका संध्याकाळी ऊन कलल्यावर, कुणाला न सांगता, मी टॅक्सी करून हूऱ्याला गेले. माझं लहानपण तिथलं. मी सातवीत असेपर्यंत आम्ही तिथं होतो आणि नंतर मी कधीच फिरकले नव्हते. हूरा आता काही ओळखू येत नाही. हॉटेलं, मोबाइलची दुकानं, मल्याळी चहावाले. आमची दोन मजली इमारत होती तिथं कसलंसं उंच काहीतरी उभं आहे, दारात सोनेरी अक्षरं. तेव्हा समुद्र हाकेवर होता, आता भराव टाकून टाकून तो लांब ढकललाय. पण मागच्या गल्लीत वळले आणि एसीचं पाणी टपकून ओली झालेली जमीन, कुणाच्या तरी घरातला ऊद आणि खारट दमटपणा, असा सगळा एकत्र वास नाकात शिरला. मी तिथंच भिंतीला टेकले. जाणारे येणारे बघायला लागले की बाईला चक्कर आली की काय.

बाबा जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात फिटर होते. मूळचे आम्ही रेवदंड्याचे. कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर बाबांचं उत्तर ठरलेलं, "आम्ही रेवदंड्याचे." विषय खलास. मला मात्र भारी खाज. शेजारच्या सावंतकाकू हिंदू, वरचे मल्याळी ख्रिस्ती, बाबांबरोबर कामाला जाणारे रत्नागिरीचे फिटर मुसलमान. सगळ्यांना एकेक शब्द होता. मग आपण? आईला विचारलं तर म्हणाली, "आपण शनवारचे." कोकणात आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. मला ते उत्तर काही पटेना. रोज एकेक वार घेतला तर सोमवारचे कोण, मंगळवारचे कोण, असा मी विचार करत बसायचे.

गंमत म्हणजे तेव्हा बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारची आणि शनिवार चांगला कामाचा. यार्डात शुक्रवारची पाळी कुणालाच नको असायची. त्या रत्नागिरीच्या फिटरांना जुम्म्याला सुट्टी हवी आणि बाबांना शनिवारी. दोघांनी अदलाबदल केली ती आम्ही तिथं होतो तोवर टिकली. फोरमनला वाटायचं हे दोघं एकमेकांचे मेव्हणे असावेत. माझ्या शाळेला मात्र अशी सोय नव्हती. आईनं त्यावर स्वतःच्या अकलेनं तोडगा काढला. "शाळेत जा, कानानं शीक, हातानं लिहू नको." कारण शनिवारी लिहिणं म्हणजे काम. मग रविवारी मैत्रिणीच्या वहीतून सगळं उतरवून काढायचं. बाईंना आईनं काय सांगितलं होतं देव जाणे, त्या मला शनिवारी फळ्याजवळ कधी बोलवायच्या नाहीत. डबाही शनिवारी थंड असायचा, आई त्या दिवशी गॅस पेटवत नसे. थंड पोळी आणि थंड बटाट्याची भाजी आजही मला शनिवारसारखी लागते.

आमच्याकडे पोथ्या नव्हत्या, पुजारी नव्हता, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात तेही नव्हते. शहरात एक जुनं सिनेगॉग होतं म्हणायचे, पण त्याला तेव्हा कुलूप. होतं ते सगळं आईच्या हातात आणि जिभेवर. शुक्रवारी सकाळी ती काळ्या मनुका भिजत टाकायची, दुपारी हातानं कुस्करून मलमलीच्या फडक्यातून गाळायची. ते सरबत म्हणजे आमची द्राक्षाची दारू. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात तरंगती वात. बाबा डोक्यावर टोपी घालून म्हणायचे ती प्रार्थना आमच्यापैकी एकालाही कळायची नाही. अर्थ विचारला की, "मोठी झालीस की कळेल." मी मोठी झाले, म्हातारी व्हायला आले, अजून कळायचाय. बाजारात खवल्यांचा मासा तेवढा घ्यायचा, कोलंबी-खेकडे वर्ज्य. सावंतकाकूंकडं कोलंबीचं कालवण शिजायला लागलं की मी नाक दाबून बसायचे, एक बोट जरासं ढिलं ठेवून.

आई मला आमच्या मूळ माणसांची गोष्ट सांगायची. लांबून येणारं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, मूठभर बाया-पुरुष वाचले, पोथ्या बुडाल्या. "मग त्यांना काय काय आठवत होतं?" मी विचारायचे. "शनवार आठवत होता, मासा आठवत होता, मुलग्याच्या सुंतेचा आठवा दिवस आठवत होता, आणि देव एकच, ही शेमाची प्रार्थना." "आणि जे विसरले ते?" यावर आई कणीक मळायला लागायची. मला मात्र तेच हवं असायचं, विसरलेलं. समुद्रात तळाशी पडलेल्या पोथ्यांत काय काय असेल, आणि त्या आपल्या हूऱ्याच्या समुद्रापर्यंत वाहत येतील का, अशी माझी चौकशी असायची. बाबा म्हणायचे, ही पोर वकील होणार नाहीतर पोलीस.

आता चाचांबद्दल सांगते. मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कापडाचं एक अरुंद दुकान होतं. आईच्या लक्षात आलं की शुक्रवारी सगळ्यांचीच दुकानं अर्धा दिवस बंद असतात, पण हे एक शनिवारीही उघडत नाही. तिनं काही आठवडे नुसती पाळत ठेवली. मग एका रविवारी मला घेऊन आत शिरली, उशांसाठी कापड काढायला लावलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "कल बंद था?"

गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचे, जाड चष्म्याचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "हमारा शनिवार को बंद ही रहता है।"

"हमारा भी," आई म्हणाली.

त्यांनी कापड मोजलं, कात्री लावायच्या आधी आणखी हातभर सोडलं आणि मग कापलं. त्यांचे पूर्वज फार मागं बगदादहून येऊन इथं स्थिरावले होते, ते पक्के बहारीनी, अरबीसारखीच हिंदीही सहज बोलायचे. आम्ही त्यांना बगदादी चाचा म्हणायला लागलो. त्या दिवशी घरी आल्यावर आईनं बाबांना तीच गोष्ट तीनदा सांगितली.

आमच्या सणांची नावं खाण्यावरून. खिरीचा सण, बिरड्याचा सण. शास्त्रातली नावं वेगळी, पण ती मला पुढं मोठेपणी कळली. श्रावणातल्या शुद्ध नवमीला बिरड्याचा सण, असं आमच्या आईकडं पिढ्यान्पिढ्या धरलेलं. आधी आठ दिवस मटण-कोंबडी बंद, त्या दिवशी उपास, आणि उपास सुटताना वालाचं बिरडं. रेवदंड्याहून रजेवरून येणाऱ्याच्या सामानात आमचे कडवे वाल यायचे. ते भिजवून, फडक्यात बांधून ठेवले की बहारीनच्या उकाड्यात भराभर मोड काढायचे, आणि घरभर तो ओला, आंबूस, हिरवट वास. मग कोमट पाण्यात टाकून आम्ही दोघी सोलत बसायचो. वालाचं साल बोटांत दाबलं की दाणा सुळकन उडायचा, कधी बाबांच्या टकलावर. नारळाचं दूध, कोथिंबीर, दोन आमसुलं. रेवदंड्याला केळीच्या पानावर वाढतात. इथं केळीचं पान कुठलं रोज मिळायला, म्हणून आईनं गल्लीतल्या बदामाच्या झाडाची मोठी पानं धुऊन घेतली. बहारीनभर ती झाडं आहेत, लाल फळं टाकून रस्ते डागाळतात.

"हा सण कशाचा?" मी विचारलं होतं.

"आपलं देऊळ मोडलं त्या दिवशी. यरुशलेमचं."

"मग देऊळ मोडलं तर बिरडं का?"

"गो, गप खा."

पण सांगा ना, का? देवळाचा आणि वालाचा काय संबंध? हा प्रश्न मला तेव्हा पडला तो अजून सुटलेला नाही, आणि खरं सांगू, सुटू नये असंही वाटतं.

आमच्या सणांच्या तारखांचं एक छोटं पंचांग दरवर्षी मुंबईहून कुणाबरोबर तरी यायचं. त्या वर्षी ज्याच्याबरोबर यायचं तो माणूस रजेवर गेला तो तिकडंच रमला. आई म्हणाली, काही अडत नाही, सावंतकाकूंकडं मराठी कॅलेंडर आहे. श्रावणाची नवमी बघायला किती वेळ लागतो? पण त्या वर्षी श्रावण दोन होते, एक अधिक आणि एक निज. सावंतकाकूंनी चष्मा लावून, बोट ठेवून सांगितलं, "अधिकात सणवार करीत नाय गो. निजातच करायचो." आईला ते पटलं. पटायचंच, कोकणात शेजाऱ्यांच्या चंद्रावर भरवसा ठेवूनच आमची माणसं दिवस धरत आली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो आमच्या घरी असा पाहुणा आला. अधिक महिना ज्यूंच्या पंचांगातही असतो, पण तो वेगळ्या वर्षी येतो, हे आईला कुठून ठाऊक असणार?

आईनं सगळं साग्रसंगीत केलं. मटण बंद, उपास, संध्याकाळी बदामाच्या पानावर बिरडं. दुसऱ्या दिवशी डबा भरून मला घेऊन ती चाचांकडं गेली. तिला वाटलं, एकटा माणूस, त्यांनीही उपास सोडला असेल, आपल्या हातचं चार घास खाईल. चाचांनी डबा उघडला, वास घेतला, खूश झाले. विचारलं, आज काय विशेष? आईनं सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण हळूच परत लावलं.

"बहन," ते म्हणाले, "वो रोज़ा तो पिछले महीने हो गया।"

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला आधी वाटलं, एवढं काय त्यात, महिनाच तर चुकला. पण आई मनात मागं मोजत होती. खरा दिवस होता त्या रविवारी बाबा लवकर सुटले होते आणि आम्ही समुद्रावर गेलो होतो. तळलेला हामूर मासा खाल्ला होता, आइस्क्रीम खाल्लं होतं, आणि बाबांची चप्पल लाटेनं पळवली तेव्हा आई पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणत राहिली, "त्या दिवशी मी हसले हो. सगळी दुनिया रडत होती आणि मी हसले."

त्याच संध्याकाळी मी दाराआडून ऐकलं. आई बाबांना म्हणत होती, "पोरीला रेवदंड्याला माझ्या भावाकडं पाठवा. तिथं मशीद आहे, चार माणसं आहेत, दिवस सांगणारं कुणीतरी आहे. इथं आपण तिला काय देणार, चुकीचे सण? उद्या कुणी विचारलं कोण तू, तर काय सांगेल?"

बाबा म्हणाले, "तुझ्याशिवाय राहील ती?"

"राहील. मी राहीन का ते विचारू नका."

माझा जीव टांगणीला लागला. रेवदंडा मी सुट्टीत पाहिला होता, मामा चांगले होते, सगळं चांगलंच होतं. पण तिथं आई नव्हती. त्या दिवसांत मी घरात वास घेत फिरायचे, आईच्या कपाटाचा, बाबांच्या यार्डातल्या शर्टाच्या ग्रीसचा, गाळून टाकलेल्या मनुकांच्या चोथ्याचा. कोणता वास तिकडं नेता येईल याचा मी अंदाज घेत होते. यार्डातलं कुणी रजेवर निघालं की त्यांच्याबरोबर मला पाठवायचं ठरलं. आईनं माझ्यासाठी दोन नवे फ्रॉक शिवायचे ठरवले आणि मला घेऊन कापडाला गेली. दुसरीकडं कुठं जाणार, चाचांकडंच.

चाचांनी विचारलं, दो फ्रॉक, शादी है? आईनं सांगितलं. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि काळ्या सुक्या लिंबाचा चहा मागवला. आम्हाला कापडाच्या गठ्ठ्यांवर बसवलं. तो कडवट आंबट वास आणि नव्या कोऱ्या कापडाचा खळीचा वास, त्या दोन वासांत मी ती गोष्ट ऐकली. चाचा काही पंडित नव्हते. घरात ऐकलेलं सांगत होते, कुणी गावाकडची भांडणं सांगावीत तसं.

देऊळ मोडलं तेव्हा आपल्या लोकांना पकडून बाबिलला, म्हणजे बॅबिलोनला नेलं, त्यांच्या बगदादपासून जवळच. तिथल्या नद्यांचं पाणी याच आखातात येतं, ते म्हणाले, इथं समोर. आता त्या लोकांनी करायचं काय? कोकरू अर्पण करायला वेदी नाही, देऊळ नाही, राजा नाही. "तो उन्होंने शनिवार पकड़ लिया, बहन। घर तोड़ सकते हैं, दिन कोई कैसे तोड़ेगा?" काय खायचं, काय नाही खायचं, ते घट्ट धरलं. संध्याकाळी जमून जुन्या गोष्टी सांगायला लागले. आधी देवळात गेलं की माणूस आपला ठरायचा, आता स्वयंपाकघरात ठरायला लागला. चाचा म्हणाले, आपण आज ज्याला आपलं म्हणतो त्यातलं निम्मं तिथं परक्या गावात जमवलेलं आहे.

"और महीनों के नाम?" ते हसले. "वो भी उधर के, उन्हीं लोगों के। तम्मूज़ तो उनके बुत का नाम है। आज तक हमारे कैलेंडर में बैठा है।"

"बुताचं, मूर्तीचं नाव?" आई मराठीतच म्हणाली. "आपल्या कॅलेंडरात?" आणि ती हसली. मग एकदम हात तोंडावर घेतला. पण हसली ती हसलीच.

"उन्होंने बाबिल का चाँद लिया, आपने पड़ोसन का लिया," चाचा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "उनके पास बच्चों को वापस भेजने के लिए घर नहीं था, बहन। इसलिए पास बिठाकर सिखाया। ग़लत-सही, जैसा आता था। मेरे पास घर था, लंदन में भाई का। मैंने दोनों बच्चे भेज दिए, कि वहाँ ठीक से सीखेंगे। सीख भी गए। सब तारीखें सही हैं उनकी। फ़ोन पर मेरी आवाज़ पहचानने में देर लगती है।"

आईनं चहा संपवला. एकाच फ्रॉकचं कापड घेतलं. परत येताना तिनं माझा हात इतका आवळून धरला की बोटं दुखायला लागली. बाबा घरी आले तसं तिनं दारातच सांगितलं, "नाही पाठवत. चुकू, पण तिघं मिळून चुकू." बाबा बूट काढता काढता खाली बसले. मला वाटतं ते रडले, पण ग्रीसच्या हातांनी तोंड पुसल्यामुळं नक्की कळलं नाही.

पुढच्या वर्षीपासून पंचांग वेळेवर यायला लागलं आणि आमचे उपास बरोबर तारखेला व्हायला लागले. पण आईनं एक नवंच काढलं. ज्या वर्षी आमची नवमी आणि सावंतकाकूंची नवमी एकाच दिवशी येईल त्या वर्षी बिरडं एकदा. नाही जुळल्या तर दोनदा. पहिलं उपासाचं, ते सगळ्यांचं बिरडं. दुसरं आपलं बिरडं, त्याला उपास नाही, उलट त्या दिवशी हसायचं. बाबा मुद्दाम चप्पल हरवल्याचं नाटक करायचे. सावंतकाकूही जेवायला यायच्या, त्यांचा तर मानच होता. आम्ही भारतात परत आलो, आई-बाबा गेले, माझं लग्न झालं, डॅनी झाला, आणि मी ते दुसरं बिरडं बदामाच्या पानावर ठाण्यातही चालू ठेवलं. सासरच्यांनी विचारलं, हे कुठल्या शास्त्रात आहे? मी म्हटलं, बहारीनच्या.

हूऱ्याच्या त्या गल्लीत भिंतीला टेकून मी हे सगळं आठवत होते, आणि माझी जुनी खाज परत सुरू झाली. पहिलं बिरडं कुणी शिजवलं असेल? त्या फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या एखाद्या बाईनं, घरात वालाशिवाय काही नव्हतं म्हणून? तिलाही तिच्या सासूनं विचारलं असेल का, हे काय भलतंच? आणि बाबिलला पहिल्यांदा बुताचं नाव महिन्याला घेताना कुणाची तरी आई कपाळावर हात मारून बसली असेलच की. सगळ्या थोर जुन्या रीतींच्या तळाशी अशी एखादी गडबडलेली बाई असेल का? मला त्या सगळ्यांना भेटायचं होतं. चाचांच्या दुकानापर्यंतही मी चालत गेले. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानातल्या बांगलादेशी मुलानं विचारलं, कौन सा मॉडल?

अरादला परतले तर डॅनी नुकताच शिफ्टवरून आला होता. एस्तू त्याच्या मांडीवर चढून त्याच्या शर्टात नाक खुपसून बसली होती. "पप्पा, यू स्मेल लाइक फॅक्टरी," ती म्हणत होती, आणि तो दमलेला माणूस डोळे मिटून हसत होता. तो शुक्रवार होता. सून ड्यूटीवर जायच्या घाईत, तरी तिनं पणती टेबलावर ठेवली. एस्तूनं बटण दाबलं, हात डोळ्यांवर घेतले. या वेळी मी वाकून ती काय पुटपुटते ते ऐकलं. निम्मी प्रार्थना होती, निम्मं तिनंच जुळवलेलं होतं, मध्ये पप्पांच्या शिफ्टचं नावही होतं. बटणाची प्रार्थना करणारी आमच्या घराण्यातली पहिलीच. मला तिचा मुका घ्यावासा वाटला आणि मी घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून एस्तूची बॅग भरत होती. गेले काही दिवस ती एक शब्द न बोलता फ्रॉकच्या घड्या घालत होती, मीच लक्ष दिलं नव्हतं. डॅनी घरीच होता. तिकडं आता शनिवारी सरकारी सुट्टी असते, बाबांना हे कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "डॅनी, मी हिला नेत नाही."

"म्हणजे? मम्मी, सगळं ठरलंय. तिकीट काढलंय. ती केवढी एक्साइट झालीय."

"मला ठाऊक आहे."

"इथं कोण बघणार तिला? तूच हो म्हणालीस ना? तिकडं आपली माणसं आहेत, सगळं नीट शिकेल."

"शिकेल. मी शिकवीन, फार छान शिकवीन. आणि तुझा आवाज फोनवर ओळखायला तिला वेळ लागेल."

"मग तू राहा इथं."

"व्हिजिट व्हिसा संपत आलाय माझा. परत येईन, मिळेल तेव्हा. पण आत्ताचं तुम्ही दोघांनी बघा. कसं ते मला माहीत नाही."

तो चिडला. चिडायचाच, त्याचं चुकलं कुठं? आधी हो म्हणून आता ऐनवेळी नाही म्हणणारी मी. "तुला नकोय का ती?" असं पण म्हणाला. मला राग आला नाही. "मला हवीय रे," मी म्हटलं. "तुला कळणार नाही एवढी हवीय." सून आमच्याकडं बघत होती. मग ती बॅगेजवळ खाली बसली आणि भरलेले फ्रॉक एकेक करून बाहेर काढून ठेवायला लागली.

एस्तूला सांगितलं तेव्हा तिला काही पटलं नाही. विमानतळावर ती स्वतःची छोटी बॅग ओढतच आली, रिकामी. आत जायची वेळ झाली तेव्हा तिनं माझी ओढणी धरली. "आजी, यू प्रॉमिस्ड. स्विंग दाखवला तू." मी खाली बसले, तिला समजावायला गेले, तर तिनं मला ढकललं. ती मराठी समजते पण कधी बोलत नाही, डॅनीची कायमची तक्रार. त्या दिवशी चांगलं खणखणीत मराठी बोलली. "तू खोटारडी आहेस. मला आवडत नाहीस तू."

डॅनीनं तिला उचललं. ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं हात करून रडत होती, ते मला आत शिरेपर्यंत ऐकू येत होतं. मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर घेऊनच आले असते.